कडीची बंदूक आणि माझी फिटरकी

आमच्या घरात तीन पिढ्यांपासून बंदूक आहे आणि तिनं आजवर कुणालाही मारलेलं नाही. एकदा चुलत बहिणीच्या लग्नात आण्णांनी हवेत बार काढला, तेव्हा मांडवाच्या कापडाला भोक पडलं आणि नवरदेवाचे मामा अर्धा तास ज्वारीच्या पोत्यामागून बाहेर येईनात, एवढीच तिची कामगिरी. शिवारातली रानडुकरंसुद्धा तिला जुमानत नव्हती. धाक होता तो फक्त घरच्यांना. तिच्याकडं पाय करून झोपायचं नाही, तिच्या खुंटीला टॉवेल अडकवायचा नाही आणि तिला नुसती 'बंदूक' म्हणायचं नाही. 'कडीची' म्हणायचं.

कडीची म्हणायचं कारण असं, की तिच्या चापाखाली लोखंडाची एक कडी होती. कडी खाली ओढली की बंदुकीचं दार उघडायचं, वर लोटली की काडतूस नळीत जाऊन बसायचं. निजामाच्या राज्यात हैदराबादहून शिकारीला आलेल्या कुणा साहेबानं ती माझ्या आजोबांना दिली. (शिकार मिळाली नाही म्हणून वैतागून दिली, की आजोबांनी खाऊ घातलेल्या सागुतीवर खूष होऊन दिली, याबद्दल आमच्या भावकीत अजून दोन तट आहेत.) आमचं गाव केज तालुक्यात, नांदूरघाटाच्या अलीकडं. आसपासच्या गावांत बारा बोअरच्या दोन-चार असतील, पण कडीची एकच, आमची!

आण्णा, म्हणजे माझे वडील, तिच्याशिवाय बाहेर पडत नसत. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला बाकीचे सभासद अहवाल घेऊन जायचे, आण्णा बंदूक घेऊन जायचे. खांद्याला पट्टा, डोक्याला फेटा. पुढच्या रांगेतली खुर्ची आपोआप रिकामी व्हायची आणि दुसरा चहा न मागता यायचा. शेती कोरडवाहू, पद एकही नाही, पण त्या पट्ट्यामुळं पंचक्रोशीत आण्णांना मान होता. पट्टा गेला तर आण्णा नुसते सभासद क्रमांक अमुक तमुक उरणार, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

त्या साली पाऊस आलाच नाही. विहिरींत दगड दिसायला लागले, बैल चारा छावणीला गेले आणि ऊसच नसल्यामुळं आमच्या सहकारी कारखान्याचा पट्टा काही फिरला नाही. मी तिथं फिटर. हंगाम नाही म्हणून घरी बसून होतो. फिटर घरी बसला, की घराची काय दशा होते ते माझ्या बायकोला विचारा. पंधरा दिवसांत मी शिवणयंत्र, सायकल आणि पिठाच्या डब्याचं झाकण दुरुस्त केलं होतं. त्यातलं झाकण अजून चालतं.

अशात पोलीस ठाण्यातून कागद आला.

"वाच," आण्णा म्हणाले.

मी वाचला. "'सदर शस्त्र चालू स्थितीत असल्याची खात्री करणेकामी परवानाधारकाने शस्त्रासह समक्ष हजर राहावे. अन्यथा परवान्याबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.'"

"म्हंजी?"

खरं सांगायचं तर मलाही नीट कळलं नव्हतं. पण घरात आयटीआय शिकलेला मी एकटा. न कळून कसं चालेल? "म्हंजी बंदूक चालू नसंल तर लायसन रद्द!" मी ठणकावून सांगितलं.

"रद्द?" आण्णा मटकन खाली बसले. "आरं, बापाच्या हातची वस्तू हाय ती. लायसन गेलं तर मी लोकांत जायचं कसं?"

"आण्णा, पर आपली चालू हाय की!"

"दसऱ्याला कडी जरा जड गेलती," आण्णा हळूच म्हणाले. त्यांनी उठून खुंटीवरून कडीची उतरवली, नमस्कार केला आणि कडी ओढली. ती दोन बोटं खाली आली आणि थांबली. पुढं जाईना आणि मागंही येईना!

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. गुरुवारी ठाण्यात हजर व्हायचं होतं आणि आज सोमवार होता. माझ्या मात्र अंगात फिटर संचारला.

"आण्णा, आमी कारखान्यात एवढाल्ल्या मिला खोलतो. ही काय चीज हाय? तुमी फकस्त बगा!"

(या वाक्यानंतर माझ्या आयुष्यात काहीही चांगलं घडलेलं नाही.)

मी पाने-पक्कड घेऊन अंगणात बसलो. शेजारचे रामभाऊ आले. हे आमच्या दूध संस्थेचे चेअरमन. जिथं पाना वाजतो तिथं ते हजर असतात. त्यांनी पहिलाच प्रश्न असा विचारला, की सगळे गार पडले.

"भागवत, आत काडतूस तर न्हाई ना बे?"

आण्णा विचारात पडले. "आसूबी शकतं. लग्नात दोन बार भरले व्हते, एकच उडवला. का दोनी उडवले?"

झालं! आता बंदुकीचं तोंड कुठं करायचं यावर सभा भरली. पूर्वेला केलं तर रामभाऊ म्हणाले, "तिकडं माजं घर हाय!" पश्चिमेला मारुतीचं देऊळ. उत्तरेला सरपंचांचा गोठा, आणि सरपंच नेमके विरोधी पॅनलचे. गोळी सुटली नाही तरी केस नक्की! उरली दक्षिण. मी तोंड दक्षिणेला फिरवलं, तर स्वयंपाकघरातून माझी बायको मंदा बाहेर आली.

"माज्या माहेराकडं रोखता व्हय?"

"आगं, तुजं माहेर धर्मापुरीला. मधी सगळा आंबाजोगाईचा घाट हाय!"

"म्हनून काय झालं? दिशा तर तीच हाय ना? माणसाच्या मनात काय हाय ते दिशेवरनं कळतं."

शेवटी आम्ही भीमनगरातल्या अर्जुन हवालदारांना बोलावलं. वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. त्यांनी आमचा चारी दिशांचा वाद शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "तोंड खाली मातीकडं करा की."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. हे तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

हवालदारांनी बंदूक मातीकडं धरून काडतुसांची नळी तपासली, मग दाराच्या फटीतून बॅटरी मारली. "काडतूस एकबी न्हाई. पर आत कायतरी हाय बरं का. पिवळं-काळं."

"गंज हाय," मी म्हणालो.

"गंज पिवळा नसतो, भागवतराव."

"जुना आसला की हुतो!" मी फिटर आहे का ते आहेत? हवालदार गालात हसले आणि चहा पिऊन निघून गेले. जाताना आण्णांना एवढंच म्हणाले, "ह्याला हातोडी दिऊ नका."

आण्णांनी दिली नाही. मीच घेतली.

सोमवारी मी रॉकेल सोडलं. मंगळवारी सकाळी करडईचं तेल, दुपारी डिझेल. दर खेपेला निदान वेगळं. आधी स्प्रिंग गेली म्हणालो, मग खिळा वाकला म्हणालो, मग म्हणालो, "आण्णा, विलायती वस्तू हाय. हिला आपली हवा मानवना." आण्णा म्हणाले, "तीन पिढ्या मानवली, तू घरी बसल्यावरच कावून मानवना?" मी पुन्हा पाना उचलला. कामात असलेल्या माणसानं बोलू नये.

तेलानं भागेना तेव्हा मी ताकदीवर आलो. बंदुकीचा दस्ता लिंबाच्या बुंध्याला बांधला, कडीला कासरा अडकवला आणि कासऱ्याचं दुसरं टोक रामभाऊंच्या हातात दिलं. (बैल छावणीला होते म्हणून रामभाऊ.) "मी हो म्हनलं की वढा!" मी म्हणालो. "हो म्हनल्यावर का?" "हो!" त्यांनी विचारलं आणि मी उत्तर दिलं, एवढंच. पण रामभाऊंनी सगळा जोर लावून ओढलं. कासरा निसटला आणि दूध संस्थेचे चेअरमन मागच्या मागं जाऊन जनावरांच्या दगडी डोणीत बसले. दुष्काळामुळं डोण कोरडी होती. पाणी असतं तर निदान कमी तरी लागलं असतं. ते तिथूनच म्हणाले, "भागवत्या, पुढच्या संचालक मंडळाच्या बैठकीत तुज्या नावानं निषेधाचा ठराव घेतो."

कडी जागची हलली नव्हती. लिंबाची साल मात्र निघाली होती. आण्णा ओसरीवर जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले आणि जेवणाला हाक मारली तर म्हणाले, "भूक न्हाई." ज्या माणसानं गारपिटीच्या सालीसुद्धा दोन भाकरी खाल्ल्या होत्या, त्याचं जेवण मी एका पान्यानं बंद पाडलं होतं.

बुधवारी सकाळी मी बंदुकीसमोर डोक्याला हात लावून बसलो होतो. मंदा अंगण झाडता झाडता थांबली.

"आवो, ह्या मुंग्या बंदुकीत कावून चालल्यात?"

"मुंग्यांचं काय घिऊन बसली? हितं माजं डोकं फिरलंय!"

"बगा तरी. एक वळ आत चाललीय, एक वळ भायेर यिती. भायेर येनारीच्या तोंडात कायतरी हाय."

मी वाकून बघितलं. खरोखर, लाल मुंग्यांची रांग दस्त्यावरून चढून दाराच्या फटीत शिरत होती आणि प्रत्येक मुंगी पिवळा कण घेऊन बाहेर पडत होती. शिवारात गवताची काडी नव्हती, आणि ह्यांची आमच्या बंदुकीत सुगी चालली होती! मंदानं बोटाच्या नखानं त्यातला एक कण उचलला, चोळला, हुंगला आणि सासूकडं वळून बघितलं.

"आत्याबाई, हे पुरण हाय."

माझी माय चुलीपुढं होती. तिथूनच म्हणाली, "आसंल की. दसऱ्याचं."

"दसऱ्याचं पुरण बंदुकीत कशाला?" मी ओरडलो.

"कशाला म्हंजी? पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवितो का न्हाई? खंडेनवमीला नांगराला नैवेद्य दाखवितो का न्हाई? मंग तिनंच काय पाप केलं? तुजे आण्णा कडी वढून तिचं तोंड उगडत्यात, मी घास घालते. वरनं तूप. सासूबाईपासनं चालत आलंय."

"दर साली?"

"उपाशी ठिवू व्हय देवाची वस्तू?"

आण्णा भिंतीकडं तोंड करून होते ते हळूहळू वळले. नवरा-बायको दोघं मिळून बंदुकीला इतकी वर्षं जेवू घालत होते आणि तिच्या पोटात ते साठत होतं. चैत्राचं ऊन लागून त्याची वीट झाली होती. आणि मी, आयटीआय पास फिटर, दोन दिवस स्प्रिंग शोधत होतो! (बरं, हे मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. लहानपणापासून दर खंडेनवमीला पुरणाचं ताट हातात धरून मीच शेजारी उभा राहत आलो होतो.)

आता रोग कळला, पण औषध अवघड. पुरण सुटायला कढत पाणी पाहिजे. टँकरचं पाणी घरटी दोन घागरी. माय घागरीवर हात ठेवून बसली. "तिला जेवाया घातलं ते माज्या हातनं. पर प्यायचं पानी द्यायची न्हाई!"

पाणी गावात एकाच ठिकाणी होतं: रामभाऊंच्या दूध संस्थेत. दुधाचे कॅन धुतलेलं सोड्याचं गरम पाणी रोज एका टाकीत उरायचं. मी रामभाऊंकडं गेलो. डोणीत आपटल्यापासून ते उशीवरच बसत होते आणि उशीवर बसूनच बोलले.

"संस्थेचं पानी खाजगी बंदुकीला देता येत न्हाई. अर्ज लागंल."

मी अर्ज लिहिला. मग ठराव लागला. ठरावाला सूचक मिळाला, अनुमोदक मिळेना. कारण दुसरे संचालक सरपंचांच्या पॅनलचे. त्यांचं म्हणणं, उद्या कुणी तोफ घेऊन येईल. शेवटी विषय असा मांडला, की 'सभासदाचे भांडे धुण्यास पाणी देणेबाबत', आणि तो एकमतानं मंजूर झाला. सहकारात अडलेली गोष्ट अशीच सुटते.

मग मात्र मी संस्थेतच बसून कडीची पूर्ण खोलली. सोड्याच्या पाण्यात भाग टाकले, तर वर तुपाचा तवंग आला आणि संस्थेत पुरणाचा वास सुटला. दूध घालायला आलेली माणसं विचारायला लागली, "चेअरमन, आज काय हाय?" कुंकू निघालं, अक्षता निघाल्या, झेंडूच्या पाकळ्या निघाल्या, एक अख्खी वेलचीसुद्धा निघाली. सगळं पुसलं, तेल दिलं, पुन्हा जोडलं. एक स्क्रू उरला. तो मी गुपचूप खिशात टाकला. कुठलंही यंत्र जोडल्यावर एखादा उरतोच. कडी ओढली, खटाक्! वर लोटली, खटाक्!

आण्णांनी बंदूक हातात घेतली आणि एकदा, दोनदा, दहादा कडी वाजवली. त्यांचे डोळे भरून आले होते. "भागवत," ते म्हणाले, "माज्या बापाच्या टायमालाबी हिचा आसा आवाज न्हवता." जन्मात पहिल्यांदा आण्णांनी माझं कौतुक केलं होतं. रात्री त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या.

गुरुवारी आम्ही एसटीनं ठाण्यात गेलो. दहा-बारा बंदूकवाले रांगेत होते. टेबलाशी एक जमादार, पिकल्या मिशांचे, सगळ्यांना नावानिशी ओळखणारे. आमच्या पुढं एक म्हातारा होता. त्याची बारा बोअरची बघून जमादार म्हणाले, "लई जुनी दिसती, पाटील. बंदच आसंल?"

"बंदच हाय सायेब, कवाची," म्हातारा म्हणाला. जमादारांनी काहीतरी लिहिलं, म्हाताऱ्यानं सही केली आणि बंदूक काखेत मारून चक्क हसत बाहेर पडला. मला त्याची कीव आली. बिचाऱ्याला माझ्यासारखा फिटर भेटला नव्हता!

आमचा नंबर आला. जमादारांनी कडीचीकडं बघितलं, आण्णांकडं बघितलं आणि भुवया उंच करून म्हणाले, "आण्णा, ही तर त्या पाटलाच्यापेक्षाबी जुनी. बंदच आसंल, न्हाई का?"

आण्णा चाळीस पावसाळे सहकारात काढलेला माणूस. त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं. ते हळूच म्हणाले, "व्हय... तशी बंदच म्हना की."

बंद? तीन दिवसांची मेहनत! अर्ज! ठराव! माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"कोन म्हनतं बंद?" मी आण्णांच्या हातातून बंदूक जवळजवळ हिसकावून घेतली. "सायेब, लोण्यावानी चालती! बगा!" खटाक्-खटाक्, खटाक्-खटाक्! सगळं ठाणं वळून बघायला लागलं. आतून मोठे साहेबसुद्धा बाहेर आले. "अरे वा," ते म्हणाले, "कुणी दुरुस्त केली?"

"मी!" छाती पुढं काढून मी म्हणालो.

"छान. जमादार, चालू स्थितीत. घ्या जमा करून."

जमादारांनी खाली मान घातली. आण्णांनी डोळे मिटले. मला काहीच कळेना.

"जमा? पर लायसन तर..."

"लायसनला काय धाड भरलीय?" जमादार हळू आवाजात म्हणाले. "बंद आसती तर दुरुस्तीला सा म्हैन्यांची मुदत दिऊन घरी धाडली आसती. चालू बंदुका कारखान्याच्या इलेक्शनपायी जमा करून घ्यायचा आदेश हाय."

"इलेक्शन कवा हाय?" आण्णांनी विचारलं.

"दुष्काळापायी पुढं ढकललंय."

"किती पुढं?"

"पाऊस पडल्यावर बगू म्हनलेत."

"मंग बंदूक घरी निऊ द्या की तवर."

"आण्णा, इलेक्शन पुढं ढकललंय. आदेश कुठं ढकललाय?"

(पुढं पाऊस पडला, पण निवडणूक लागली नाही, निवडणूक लागली तेव्हा पाऊस नव्हता. कडीची परत यायला चांगली दोन वर्षं गेली. तोवर आण्णा कारखान्याच्या सभांना गेले नाहीत.)

पावती घेऊन आम्ही स्टँडवर आलो. निघताना आण्णा एकटेच जमादारांशी काहीतरी कुजबुजून आले होते. एसटीत सारखा त्यांचा हात पट्टा सारखा करायला खांद्याकडं जायचा आणि रिकामाच खाली यायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आण्णा, चुकलं माजं," मी दोनदा म्हणालो. ते खिडकीबाहेरची उजाड रानं बघत राहिले.

घरी पोचलो तेव्हा माय, मंदा आणि रामभाऊ (उशीसकट) ओसरीवर वाट बघत होते. मायनं आण्णांचा रिकामा खांदा बघितला.

"आवो, बंदूक कुठंय?"

"जमा करून घेतली," आण्णा म्हणाले. फेटा काढला, पाण्याचा तांब्या घेतला, दोन घोट प्यायले आणि माझ्याकडं बोट केलं. "ह्यालाबी जमा करून घ्या म्हनून जमादाराच्या लई हातापाया पडलो. त्यो म्हनला, न्हाई जमायचं आण्णा, आमी फकस्त चालू स्थितीतलीच वस्तू घेतो."